घटक चाचणी आणि वर्कशीट: दिसायला सारखी, कामाला वेगळी

इंग्रजीच्या पुस्तकातलं एक युनिट संपलं की छापील चाचणीचं पान येतं. जोड्या जुळवा, रिकाम्या जागा भरा, चित्र पाहून उत्तर लिहा. आठवडाभर मुलांनी सोडवलेल्या वर्कशीटसारखंच हेही दिसतं. त्यामुळे वर्गात दोन्ही एकाच पद्धतीने घेतली जातात आणि घरी दोन्हींवर एकच प्रश्न येतो, "किती मिळाले?" सात-आठ वर्षांच्या मुलाचं या गल्लतीत फार नुकसान होतं.

वर्कशीट म्हणजे सराव. मूल अडलं तर शेजारच्याला विचारू दे, ऑडिओ चौथ्यांदा ऐकू दे, खोडून पुन्हा लिहू दे. इथे गुण नकोतच. गुण आले की मूल चूक लपवायला शिकतं, आणि चूक दिसली नाही तर सराव कशाचा करून घेणार?

चाचणीत मात्र मदत थांबवावी लागते, कारण मुलाला एकट्याने काय जमतं ते पाहायचं असतं. "अगं, नीट बघ बरं" एवढं म्हटलं तरी उत्तर चुकलंय हे तिला कळतं. अशा मदतीने मिळालेले पैकीच्या पैकी गुण शिक्षकालाच फसवतात. एक मदत मात्र हवीच. प्रश्न सोडवायचा कसा, ते एक नमुना फळ्यावर सोडवून दाखवा. मातृभाषेत सांगितलं तरी हरकत नाही. गोल करायचा की फुली मारायची हेच न कळल्यामुळे गेलेला गुण इंग्रजीचा नसतो.

खरा फरक पेपर तपासताना कळतो. एका चाचणीत पोहणाऱ्या मुलाचं चित्र होतं आणि खाली प्रश्न होता, 'कॅन ही स्विम?' एका मुलीने लिहिलं, 'येस, ही इज.' तिच्या मागच्या बाकावरच्या मुलाने लिहिलं, 'नो, ही कान्ट.' गुण दोघांनाही शून्य. पण मुलीला चित्र कळलं होतं, प्रश्न कळला होता, 'ही'सुद्धा बरोबर आला होता. ती अडली फक्त शेवटच्या शब्दावर. मुलाची वाक्यरचना अचूक होती, पण विचारल्यावर कळलं की 'स्विम' म्हणजे काय हेच त्याला आठवत नव्हतं. तिला 'कॅन'च्या प्रश्नोत्तरांचा तोंडी सराव हवा होता, त्याला क्रियापदांची चित्रकार्डं. नुसती बेरीज करून गुण वहीत चढवले असते, तर दोघांना सारखंच समजलं असतं.

पेपर परत देताना काय लिहायचं, यावर मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांचा 1988 सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. प्रगती दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांची. शेऱ्याला गुण जोडले की शेऱ्याचा फायदा उरला नाही. ती मुलं जरा मोठी, अकरा-बारा वर्षांची होती, पण लहानांच्या वर्गातही मी हेच पाहते: आकडा दिसला की कागद दप्तरात जातो. म्हणून मी आधी शेरा लिहिलेला पेपर देते, मुलं दुरुस्ती करतात, आणि गुण दुसऱ्या दिवशी सांगते. केंब्रिजच्या स्टार्टर्स, मूव्हर्स, फ्लायर्स या लहान मुलांच्या इंग्रजी परीक्षांतही प्रत्येक भागाला गुणांऐवजी पाचपैकी ढाली (ढालीची चिन्हं) मिळतात, पास-नापास नसतं. मला ते फार पटतं.

चाचणी सोपी होती की अवघड, यावर मी फारसा वेळ घालवत नाही. जास्तीत जास्त मुलांचा चुकलेला एक प्रश्न निवडते आणि चित्र बदलून, वेगळी नावं घालून त्याची वर्कशीट करते. पुढचं युनिट उघडण्याआधी मुलं ती जोडीने सोडवतात, एकमेकांना विचारत, खाडाखोड करत.