ब्रेनन, वॉल्टर

ब्रेनन, वॉल्टर : (२५ जुलै १८९४ – २१ सप्टेंबर १९७४). अमेरिकन चरित्र अभिनेता. सहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर तीनदा मिळवणारा आजवरचा एकमेव नट. जन्म मॅसॅचुसेट्समधील लिन येथे, आयरिश वंशाच्या कुटुंबात. पहिल्या महायुद्धात तो तोफखान्यातून फ्रान्समध्ये लढला. पुढे लॉस एंजेलिसमध्ये जमिनींच्या व्यवहारात त्याने पैसा केला. भाव कोसळले तसा तो पैसा गेलाही. मग पोटासाठी स्टुडिओची वाट धरली.

१९२५ च्या सुमारास तो एक्स्ट्रा म्हणून उभा राहू लागला. दहाएक वर्षे गर्दीतले चेहरे आणि एखाद-दुसऱ्या वाक्याची कामे यांतच गेली. कित्येक चित्रपटांच्या श्रेयनामावलीत त्याचे नाव सापडत नाही. याच काळात एका अपघातात त्याचे पुढचे दात गेले. कवळी काढली की गाल आत जात, उच्चार फसफसत आणि चाळिशीचा माणूस सत्तरीचा दिसे. ‘बार्बरी कोस्ट’साठी (१९३५) दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सने संवाद म्हणायला सांगितल्यावर, दात लावून म्हणू की काढून, असे त्याने विचारल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. या चित्रपटाने त्याचे दिवस पालटले.

सहाय्यक अभिनेत्याचे पारितोषिक पहिल्यांदाच दिले गेले, ते ब्रेननला ‘कम अँड गेट इट’मधील (१९३६) स्वीडिश लाकूडतोड्याच्या भूमिकेसाठी. पाठोपाठ ‘केंटकी’ (१९३८) आणि ‘द वेस्टर्नर’ (१९४०). त्या वेळी ऑस्करसाठी एक्स्ट्रांनाही मताधिकार होता आणि आपल्यातूनच वर आलेल्या माणसाला त्यांनी भरभरून मते दिली, असे म्हटले जाते. ‘केंटकी’बाबत ही शंका रास्त वाटते, ‘द वेस्टर्नर’बाबत मुळीच नाही. त्यातला न्यायाधीश रॉय बीन लहरीपणे माणसे फासावर चढवतो आणि कधीही न भेटलेल्या नटी लिली लँगट्रीवर लहान मुलासारखा जीव टाकतो. समोर नायक म्हणून गॅरी कूपर असूनही चित्रपट ब्रेननचाच होऊन जातो.

जॉन फोर्डच्या ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’मध्ये (१९४६) विनोदाचा लवलेशही नसलेला थंड, क्रूर बाप त्याने रंगवला. एरवी मात्र नायकाच्या पाठीशी राहणारा कुरकुऱ्या म्हातारा ही त्याची हुकमी भूमिका होती. हॉक्सच्या ‘रेड रिव्हर’मध्ये (१९४८) त्याचे पात्र पोकरच्या डावात चक्क कवळी हरते. ‘रिओ ब्राव्हो’तील (१९५९) तुरुंग राखणारा लंगडा स्टंपी सतत बडबडतो; नायक जॉन वेन जवळजवळ गप्पच असल्याने ती बडबड खुलते.

‘द रिअल मॅकॉइज’ (१९५७–६३) या दूरचित्रवाणी मालिकेतील आजोबांच्या भूमिकेने तो घरोघरी पोहोचला. पडद्यावरच्या या लाडक्या आजोबांची राजकीय मते मात्र कडवी उजवी होती. नागरी हक्क चळवळीला त्याचा विरोध होता आणि तो त्याने लपवला नाही. कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्ड येथे त्याचे निधन झाले.