जीव कशातच लागत नाही

इंदूरच्या रामबागेत राहणारी माझी आत्या तीन वर्षं एकच सांगत होती, "छातीत धडधडतं, जीव कशातच लागत नाही." ईसीजी झाला, पित्ताच्या गोळ्या झाल्या. मन उदास असतं का, हे एकाही दवाखान्यात कुणी विचारलं नाही. विचारलं असतं, तरी "भरल्या घरात उदास कशाला असेन?" असंच ती म्हणाली असती.

नैराश्य असं अंगदुखी, धडधड, उडालेली झोप होऊन समोर येतं. शहरात ही गत, तर झाबुआ-अलीराजपूरच्या पाड्यांवर भिली बोलणाऱ्या बाईने हिंदीतल्या प्रश्नावलीला काय उत्तर द्यावं? 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांचे 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांविना आढळले. डॉक्टर कमी आहेतच. पण दुखणं रुग्णाच्या शब्दांत ऐकणारे त्याहून कमी, असं मला वाटतं.

गोव्यात यावर एक चांगला प्रयोग झाला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना शिकवून त्यांच्याकडून तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका घेतल्या. 2017 साली निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी या गटातले 64 टक्के लोक आजारातून बाहेर आले होते, नेहमीच्या उपचारांच्या गटातले 39 टक्के. हीच पद्धत पुढे आमच्या मध्य प्रदेशातल्या सीहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्तींना शिकवली गेली.

तिचं तत्त्व साधं आहे. मन खचलं की माणूस आवडीची कामं सोडतो, माणसांत जाणं टाळतो, आणि त्यानेच आणखी खचतो. म्हणून एक छोटी कृती ठरवून पुन्हा सुरू करायची. पण कोणती? दिवसभर सोयाबीन निंदून आलेल्या बाईला "रोज फिरायला जा" सांगणं म्हणजे थट्टाच. तिच्यासाठी ती कृती म्हणजे दुपारी शेजारणीच्या ओट्यावर घटकाभर टेकणं, सुटलेला हाट पुन्हा धरणं. हे गावातलीच आशाताई ओळखते.

आणि बडवा, म्हणजे भिलांचा पारंपरिक वैदू-मांत्रिक? आदिवासी घरं आधी त्याच्याकडे जातात, कारण तो अख्ख्या कुटुंबाला बसवून ऐकतो. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात दुआ आणि दवा शेजारी-शेजारी ठेवली गेली. मुजावरच रुग्णाला डॉक्टरकडे पाठवू लागले. बडव्यांशीही असंच बोलायला हवं. मात्र डागणं, साखळीने बांधणं यांना अजिबात थारा नको, आणि फिट येणाऱ्या मुलाची औषधं एक दिवसही थांबता कामा नयेत.

आत्याला शेवटी एका नर्सबाईंनी विचारलं, "ताई, पूर्वी काय आवडायचं?" आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गुरुवारचं भजन. दोन वर्षांत गेले नाही."