मिशिगन सरोवरातला व्हाइटफिश: दीडशे वर्षांच्या आकड्यांमागे काय घडलं

अमेरिकेतल्या पंचमहासरोवरांपैकी एक असलेल्या मिशिगन सरोवरातला व्हाइटफिश हा मासा कमी झाला, अशा बातम्या आता वरचेवर येतात. त्या वाचून वाटतं की हे संकट नवं आहे. पण या माशाचा धंदा याच सरोवरात याआधीही बसला आहे, आणि दरवेळी कारण वेगळं होतं. आजची घसरण समजून घ्यायची तर मागे जाऊन बघायला हवं, कारण जुन्या उपायांपैकी एकही या वेळी थेट लागू पडत नाही.

सरोवर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रंकाळा नाहीतर पवई येतो. मिशिगनचा विस्तार सुमारे 58 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याला थोडा कमी. सर्वांत खोल जागी 280 मीटर पाणी. या गोड्या, थंडगार पाण्यात राहणारा व्हाइटफिश सामन आणि ट्राउटच्या कुळातला. अंग चांदीसारखं, तोंड लहान आणि खालच्या बाजूला, कारण तो तळाशी चरतो. नोव्हेंबरच्या सुमारास तो उथळ, खडकाळ जागी अंडी सोडतो. ती हिवाळाभर दगडांच्या फटींत राहतात आणि बर्फ वितळल्यावर त्यांतून पिल्लं बाहेर येतात. तळाशी चरणं आणि अंड्यांवरचं बर्फाचं पांघरूण या दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पुढे त्यांचीच गरज पडणार आहे.

या प्रदेशातले मूळ रहिवासी अनिशिनाबे या माशाला ‘अदिकमेग’ म्हणतात, म्हणजे पाण्यातला कॅरिबू. उत्तरेतल्या माणसाला हरणाच्या जातीचा कॅरिबू जसा जगवतो, तसा पाण्यातला हा. शेजारच्या सुपीरियर सरोवरातून निघणाऱ्या सेंट मेरीज नदीच्या खळाळात हे लोक डोंगीतून मासेमारी करत. एक जण डोंगी प्रवाहात धरून ठेवायचा, दुसरा पुढच्या टोकाला उभा राहून लांब दांडीचं जाळं पाण्यात घालायचा. सतराव्या शतकात आलेल्या फ्रेंच धर्मप्रचारकांनी हे पाहून लिहून ठेवलं आहे. 1836 साली ओडावा आणि ओजिब्वे जमातींनी करार करून आजच्या मिशिगन राज्यातली अफाट जमीन अमेरिकेच्या सरकारला दिली, पण मासेमारीचा हक्क दिला नाही. तो मुद्दा पुढे कोर्टात गाजला.

1825 मध्ये ईरी कालवा खुला झाल्यावर पंचमहासरोवरांचा माल न्यूयॉर्कपर्यंत पोचू लागला. आधी मीठ लावून पिंपात भरलेला, मग रेल्वे आणि बर्फ आल्यावर ताजा व्हाइटफिश पूर्वेकडच्या शहरांत जाऊ लागला. जाळीही बदलली. ‘पाउंड नेट’मध्ये किनाऱ्यापासून खोल पाण्याकडे खुंट ठोकत जायचं आणि त्यांना जाळ्याची लांब भिंत बांधायची. भिंत आडवी आली की मासा सवयीनं खोल पाण्याकडे वळतो, आणि भिंतीच्या त्या टोकालाच जाळ्याची बंद खोली असते. कोणी हाकलायला नको, मासा आपल्या पायांनी आल्यासारखा आत येतो. अशा जाळ्यांत मोठ्या माशांबरोबर न वाढलेलेही ढिगानं सापडत आणि वाया जात.

1871 मध्ये अमेरिकेचं केंद्रीय मत्स्य आयोग स्थापन झालं, आणि त्याच वर्षी जेम्स मिलनर यांना सरोवरांच्या किनाऱ्यानं फिरून पाहणी करायला पाठवलं गेलं. गावोगावचे मच्छीमार त्यांना सांगत होते की मासा पूर्वीसारखा राहिला नाही. तरीही 1879 मध्ये मिशिगन सरोवरातून जवळपास 1 कोटी 20 लाख पौंड, म्हणजे साधारण 5,400 टन व्हाइटफिश काढल्याची नोंद आहे. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. मच्छीमार तक्रार करत होते आणि आकडा मात्र शिखरावर होता. दोन्ही खरं होतं. जवळची जागा रिकामी झाली की बोटी पुढच्या जागी जात, वाफेच्या टग बोटी आल्यावर आणखी लांब जात, जाळ्यांची लांबी वाढत जाई. किनाऱ्यावर उतरलेली मासळी म्हणजे सरोवरातली मासळी नव्हे. उतरलेल्या मासळीत मेहनत, यंत्र आणि भांडवल मिसळलेलं असतं. शिखरानंतर घसरण आली ती आलीच.

विणीच्या जागाही त्याच काळात गेल्या. जंगलं तोडून लाकडाच्या गिरण्या नद्यांच्या मुखाशी उभ्या राहिल्या आणि त्यांचा भुसा पाण्यात जाऊन तळावर साचला. ज्या फटींत अंडी राहायची त्या बुजल्या. ग्रीन बे या उपसागराला मिळणाऱ्या नद्यांमध्ये व्हाइटफिश अंडी घालायला चढायचा, तेही थांबलं. सरकारनं यावर उत्तर शोधलं ते हॅचरीचं, म्हणजे माशांची अंडी उबवून पिल्लं पाण्यात सोडण्याचं. पुढची कित्येक दशकं या सरोवरांत अब्जावधी पिल्लं सोडली गेली. वर्तमानपत्रांत छापायला तो आकडा छान होता, पण पकडीत त्याचा ठळक परिणाम दिसला नाही. जाळ्यांवर बंधन घालण्यापेक्षा पिल्लं सोडणं सोपं होतं, म्हणून ते चालू राहिलं, असं माझं मत आहे.

1930 च्या आसपास शेजारच्या ह्युरॉन सरोवरात खोल पाण्यातलं सापळ्याचं जाळं आलं, तेव्हा तोच खेळ थोडक्या वर्षांत पुन्हा झाला. आवक एकदम चढली आणि तशीच कोसळली. त्याचा अभ्यास जॉन व्हॅन ऊस्टन आणि सहकाऱ्यांनी केला. व्हॅन ऊस्टन माशाचा खवला सूक्ष्मदर्शकाखाली धरून वय मोजत. झाडाच्या खोडात असतात तशी वर्तुळं खवल्यावर असतात; मासा भराभर वाढला तर त्यांत अंतर जास्त, वाढ खुंटली तर ती एकमेकांना चिकटतात. अशा खवल्यांवरून जाळ्यात कोणत्या वयाचा मासा येतो आहे हे पहिल्यांदा नीट कळू लागलं. त्याआधी सगळा हिशेब नुसत्या वजनाचा होता.

मग सी लॅम्प्रे आला. वामेसारखा दिसणारा, जबडा नसलेला, गोल तोंडात दातांची वर्तुळं असलेला हा प्राणी माशाला चिकटून रक्त शोषतो. नायगारा धबधब्यामुळे तो वरच्या सरोवरांत जाऊ शकत नव्हता. धबधब्याला वळसा घालणारा वेलंड कालवा 1829 मध्ये सुरू झाला, पुढे खोल केला गेला, आणि 1921 मध्ये लॅम्प्रे ईरी सरोवरात, 1936 मध्ये मिशिगन सरोवरात सापडला. आधी लेक ट्राउट संपला, मग पाळी व्हाइटफिशची. 1957 मध्ये मिशिगन सरोवरातून व्हाइटफिश उतरला तो सुमारे 25 हजार पौंड. 5,400 टनांवरून 11 टनांवर.

इथून सावरणं शक्य झालं, कारण शत्रू एकच होता आणि त्याचा पत्ता माहीत होता. लॅम्प्रेची पिल्लं कित्येक वर्षं ओढ्यांच्या गाळात राहतात. कॅनडा आणि अमेरिकेनं 1955 मध्ये संयुक्त आयोग उभा केला. दरम्यान ह्युरॉनकाठच्या प्रयोगशाळेत व्हर्नन ॲपलगेट यांच्या गटानं हजारो रसायनं तपासून या पिल्लांना मारणारं एक शोधलं. 1958 पासून ते ओढ्यांत सोडलं जाऊ लागलं आणि लॅम्प्रेची संख्या सुमारे 90 टक्क्यांनी खाली आली. ते काम आजही दरवर्षी चालतं. व्हाइटफिश परतला. 1990 च्या दशकातली आवक विसाव्या शतकातल्या उत्तम वर्षांत गणली जाते.

त्याच दरम्यान 1836 चा करार कोर्टात आला. बे मिल्स जमातीचे अल्बर्ट लेब्लँक यांना 1971 मध्ये जाळं लावल्याबद्दल पकडलं गेलं. 1979 मध्ये संघीय न्यायाधीश नोएल फॉक्स यांनी जमातींचा मासेमारीचा हक्क अबाधित असल्याचा निकाल दिला. त्यानंतर 1985, 2000 आणि 2023 मध्ये राज्य, केंद्र आणि जमाती यांच्यात वाटपाची व्यवस्था कोर्टामार्फत ठरत गेली. दीडशे वर्षांपूर्वी राखून ठेवलेला हक्क परत मिळाला, आणि मासा आटू लागला तो नेमका त्यानंतर. याचं मला फार वाईट वाटतं.

कारण याही वेळी बाहेरूनच आलं. 1980 च्या दशकाच्या शेवटी समुद्री जहाजांच्या तोल सांभाळणाऱ्या पाण्यातून झेब्रा शिंपले आणि पाठोपाठ क्वागा शिंपले या सरोवरांत पोचले. नखाएवढा एक शिंपला दिवसाला लिटरभरापर्यंत पाणी गाळतो. झेब्रा उथळ, टणक जागी राहतो. क्वागाला खोल, गार, मऊ तळही चालतो, म्हणून त्यानं जवळजवळ सगळा तळ व्यापला. पाणी इतकं नितळ झालं की बुडालेली जहाजं वरून दिसू लागली. लोकांना ते आवडलं. पण नितळ पाण्यात सूक्ष्म शेवाळ नसतं, आणि त्यावर जगणारं काहीच टिकत नाही.

व्हाइटफिशचं मुख्य अन्न होतं डायपोरिया, गाळात राहणारा सेंटिमीटरभर लांबीचा, कोळंबीच्या दूरच्या नात्यातला जीव. अंगात चरबी भरपूर. एका चौरस मीटरमध्ये ते हजारोंनी असायचे. 1990 च्या दशकात ते विरळ होऊ लागले आणि पुढच्या वीस वर्षांत मिशिगन सरोवरातून जवळपास नाहीसे झाले. व्हाइटफिश मग शिंपलेच खाऊ लागला. पोटात टरफलं जास्त, पोषण थोडं. मासे बारीक झाले, वाढ मंदावली. आता खवल्यावरची वर्तुळं कडेला इतकी दाटतात की म्हाताऱ्या माशाचं वय त्यांवरून कमी भरतं, म्हणून कानातला खडा कापून बघावा लागतो.

पण खरा घाव पिल्लांवर आहे. वसंतात अंड्यातून निघालेल्या पिल्लाला पहिल्या काही आठवड्यांत प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, मिळालं नाही तर ते मरतं, आणि शेवाळ नाही तर प्लवक कुठून येणार? त्यात हिवाळे सौम्य होत चालले. बर्फ धरला नाही की लाटा अंडी दगडांतून उपसून काढतात. सरोवराच्या बऱ्याच भागांत नवी पिढी जाळ्याच्या आकारापर्यंत पोचतच नाही. तिथे जे मासे उतरतात त्यांत म्हातारे जास्त, आणि त्यामुळेच काही काळ आवक ठीक दिसत राहिली.

याला ठळक अपवाद आहे ग्रीन बे. फॉक्स नदी तिथे इतकी पोषकद्रव्यं आणते की पाणी गढूळ राहतं आणि पिल्लांना खायला मिळतं. भुशानं बुजलेल्या मेनॉमिनीसारख्या नद्यांत 1990 च्या दशकापासून व्हाइटफिश पुन्हा अंडी घालायला चढतो आहे. उत्तरेत सू सेंट मरी जमातीनं पिल्लं तळ्यांत खाऊ घालून बोटभर वाढवायची आणि मगच सोडायची, असा प्रयोग चालवला आहे. जुन्या हॅचऱ्या अंड्यातून बाहेर येताच पिल्लं सोडून देत. ज्या पहिल्या आठवड्यांत सरोवरात आज खायला काही नाही, ते आठवडे ही पिल्लं तळ्यात काढतात.