अमेरिकेच्या सीमेवरील माहितीमागणी

अमेरिकेत येणाऱ्या परदेशी व्यक्तीकडून बोटांचे ठसे, चेहऱ्याचे छायाचित्र, विमान तिकिटाचा तपशील, समाजमाध्यमांवरील खात्यांची नावे आणि प्रसंगी फोनमधला मजकूर सक्तीने घेण्याची तिथल्या सरकारची पद्धत. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर ती आजच्या रूपाला आली. सीमेवरची म्हणून ओळखली जात असली, तरी तिचा मोठा भाग सीमेवर घडतच नाही. मुंबई-पुण्याच्या माणसासाठी ती घरी बसून व्हिसाचा डीएस-१६० अर्ज भरताना सुरू होते आणि वांद्रे-कुर्ला संकुलात बोटांचे ठसे देताना पुढे सरकते. तिकडच्या विमानतळावर तो इमिग्रेशनच्या रांगेत उभा राहतो, तेव्हा त्याच्याविषयी बहुतेक सगळे आधीच पोचलेले असते.

झडतीचा अधिकार मात्र जुना आहे. अमेरिकेच्या पहिल्याच काँग्रेसने १७८९ च्या जकात कायद्यात संशयित जहाजांची वॉरंटविना झडती घ्यायची मुभा दिली. १९७७ च्या रॅम्झी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, सीमेवरची झडती ती सीमेवर होते एवढ्यावरूनच वाजवी ठरते. हा खटला थायलंडहून टपालाने आलेल्या हेरॉइनच्या पाकिटांचा होता. पेट्या आणि पाकिटांसाठी घडलेला हा नियम पुढे फोन आणि लॅपटॉपलाही लागू केला गेला. आजचा निम्मा वाद तिथून निघतो.

ठसे घेणारा ‘यूएस-व्हिजिट’ कार्यक्रम ५ जानेवारी २००४ रोजी ११५ विमानतळांवर आणि १४ बंदरांवर सुरू झाला. आधी दोन्ही तर्जनींचे ठसे व छायाचित्र एवढेच होते. २००७ च्या अखेरीपासून दहाही बोटे घेतली जाऊ लागली. ब्राझीलमधल्या एका न्यायाधीशाला ही योजना इतकी खटकली की, त्याच्या आदेशाने १ जानेवारी २००४ पासून तिथे उतरणाऱ्या अमेरिकनांचेही ठसे घेणे सुरू झाले. त्या काळात एका अमेरिकन वैमानिकाने छायाचित्र देताना मधले बोट दाखवले आणि त्यापायी त्याला मोठा दंड भरावा लागला. बाकीच्या जगाने मात्र जशास तसे करण्यापेक्षा नक्कल करणे पसंत केले. २६ डिसेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नियमाने अमेरिकेतून बाहेर पडतानाही परदेशी प्रवाशाचा चेहरा टिपण्याची तरतूद केली आणि मुले व वृद्ध यांना असलेली सूट काढून टाकली. ही नोंद ७५ वर्षांपर्यंत ठेवता येते. म्हणजे पंचविशीत शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याचा चेहरा त्याच्या शंभरीपर्यंत सरकारी संचयात राहू शकतो.

विमान कंपन्यांकडील आरक्षणाच्या नोंदी हा दुसरा स्रोत. त्यांत पत्ता, फोन, पैसे कसे भरले, सोबत कोण आहे, सामान किती, हे सारे येते. विमानात जैन किंवा मुस्लिम जेवण मागणारा प्रवासी आपला धर्मही नकळत कळवतो, याचा विचार तिकीट काढताना कोणी करत नाही. युरोपीय संघाने या नोंदी अमेरिकेला द्यायचा २००४ चा करार युरोपीय न्यायालयाने ३० मे २००६ रोजी रद्द केला. पण तो कायदेशीर आधार चुकीचा म्हणून, खासगीपणाच्या मुद्द्याला न्यायालयाने हात लावलाच नाही. २०१२ च्या नव्या करारात सहा महिन्यांनी नावे झाकायची, संवेदनशील तपशील गाळायचे, पाच वर्षांनी नोंदी वेगळ्या संचात हलवायच्या आणि तिथे आणखी दहा वर्षे ठेवायच्या, असे ठरले.

समाजमाध्यमांची चौकशी सर्वांत वादग्रस्त ठरली. डिसेंबर २०१६ मध्ये व्हिसामुक्त देशांच्या प्रवाशांसाठीच्या ‘एस्टा’ अर्जात ती ऐच्छिक म्हणून आली. ३१ मे २०१९ पासून व्हिसाच्या जवळजवळ प्रत्येक अर्जदाराला गेल्या पाच वर्षांतील खात्यांची नावे देणे बंधनकारक झाले. ही संख्या वर्षाला सुमारे दीड कोटी असेल, असा परराष्ट्र खात्याचाच अंदाज होता. या तपासणीचा उपयोग किती, या प्रश्नावर सरकारी कागदच बोलके आहेत. गृहसुरक्षा खात्याच्या महानिरीक्षकांनी फेब्रुवारी २०१७ मध्ये नोंदवले की, प्रायोगिक तपासण्यांचे यश मोजायचे निकषच ठरलेले नाहीत. गृहसुरक्षा खात्याने ही मागणी आपल्या इतर अर्जांतही घालायचा प्रस्ताव ठेवला होता, तो व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने एप्रिल २०२१ मध्ये, तिची व्यावहारिक उपयुक्तता पटवून दिलेली नाही म्हणून, परत पाठवला. तरीही डिसेंबर २०२५ मध्ये एस्टासाठी हीच माहिती सक्तीची करण्याचा प्रस्ताव पुन्हा मांडला गेला. न सिद्ध झालेले साधन इतक्या चिकाटीने पुढे रेटले जाते, यामागे सुरक्षेपेक्षा वेगळे काही असावे, असा संशय टीकाकारांना येतो आणि तो निराधार म्हणता येत नाही.

जून २०२५ पासून विद्यार्थी व अभ्यागत-विनिमय व्हिसाच्या अर्जदारांना आपली खाती ‘पब्लिक’ ठेवायला सांगण्यात आले आणि १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी (कुशल नोकरदार) व एच-४ (त्यांचे कुटुंबीय) व्हिसाच्या अर्जदारांनाही. हा बदल भारतीयांना थेट भिडला. २०२३-२४ या वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, म्हणजे कोणत्याही देशापेक्षा जास्त, आणि एच-१बीधारकांतही बहुसंख्य भारतीयच आहेत. डिसेंबरमधल्या अनेक मुलाखती एकाएकी पुढे ढकलल्या गेल्या. सुट्टीत घरी आलेले नोकरदार इकडेच अडकले. आणि खाते खुले केल्यावर ते एकट्या व्हिसा अधिकाऱ्याला दिसत नाही, साऱ्या जगाला दिसते. त्यात मित्रांचे, आईवडिलांचे, लहान भाच्यांचे फोटो असतात. त्यांच्यापैकी कोणीही व्हिसा मागितलेला नसतो. अर्जदार मग जुन्या पोस्ट पुसत बसतो, राजकारणावर बोलणे सोडतो. भाषणस्वातंत्र्यावरचा हा परिणाम कुठल्याही आकडेवारीत येत नाही.

फोनची झडती त्या मानाने विरळ. सीमाशुल्क व सीमासुरक्षा विभागाने २०१५ च्या आर्थिक वर्षात ८,५०३ उपकरणे तपासली, तर २०२४ मध्ये ४७,०४७. प्रवाशांच्या एकूण संख्येत हे प्रमाण जेमतेम ०.०१ टक्क्याच्या आसपास भरते. जानेवारी २०१८ च्या निर्देशानुसार साधी झडती कोणत्याही संशयाविना घेता येते: अधिकारी फोनचे नेटवर्क बंद करून हाताने चाळतो. बाहेरचे यंत्र जोडून मजकूर उतरवून घ्यायचा, तर वाजवी संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेची चिंता आणि वरिष्ठांची मंजुरी लागते. उतरवलेला मजकूर १५ वर्षांपर्यंत राहू शकतो. विभागाच्या सुमारे २,७०० अधिकाऱ्यांना तो पाहता येतो, हे २०२२ मध्ये सिनेटर रॉन वायडन यांच्या पत्रामुळे उजेडात आले. पासवर्ड नाकारणाऱ्या अमेरिकन नागरिकाचा फोन ठेवून घेतला जाईल, पण त्याला घरी जाण्यापासून रोखता येत नाही. परदेशी माणसाला परतीच्या विमानात बसवता येते. त्यामुळे ‘सेकंडरी’च्या, म्हणजे जादा चौकशीच्या, खोलीत बसवलेल्या प्रवाशाने दिलेल्या संमतीला संमती म्हणणे कठीण आहे.

न्यायालयांचे या बाबतीत एकमत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या रायली निकालाने देशांतर्गत अटकेनंतर फोन पाहायला वॉरंट आवश्यक ठरवले. सीमेवरच्या फोनझडतीचा प्रश्न त्याने अद्याप हाताळलेला नाही. नवव्या सर्किट न्यायालयाने (‘सर्किट’ म्हणजे विभागवार संघीय अपील न्यायालय) २०१३ मध्ये सखोल तपासणीसाठी वाजवी संशयाची अट घातली, तर पहिल्या सर्किटने २०२१ मध्ये अल्सआद खटल्यात वॉरंटची मागणी फेटाळली.

माहिती गोळा झाल्यावर ती सांभाळली जाते का, याचे उत्तर २०१९ मध्ये मिळाले. सीमाशुल्क व सीमासुरक्षा विभागाच्या एका उपकंत्राटदाराकडून प्रवाशांच्या चेहऱ्यांची सुमारे १,८४,००० छायाचित्रे चोरीला गेली आणि त्यांतली काही डार्क वेबवर पोचली. अशा वेळी दाद मागायचा हक्क देणारा १९७४ चा प्रायव्हसी ॲक्ट अमेरिकन नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांपुरताच आहे. २०१६ च्या कायद्याने त्यातले काही हक्क युरोपीय संघासारख्या निवडक भागीदारांच्या नागरिकांना मिळाले. भारत त्या यादीत नाही.

इतर देशांत जपान २० नोव्हेंबर २००७ पासून १६ वर्षांवरील परदेशी प्रवाशांचे ठसे घेतो. न्यूझीलंडच्या २०१८ च्या कायद्याने सीमेवर वाजवी कारण असताना पासवर्ड न दिल्यास ५,००० न्यूझीलंड डॉलरपर्यंत दंड ठेवला आहे. युरोपातल्या शेंगेन देशांत (आपसांत सीमातपासणी नसलेल्या) परदेशी प्रवाशांचा चेहरा व ठसे नोंदवणारी नवी प्रणाली १२ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरू झाली. भारतही यात मागे नाही: पुण्यात लग्नाला येणाऱ्या परदेशी जावयाला व्हिसाच्या अर्जात धर्म, आईवडिलांचे जन्मस्थान आणि आजी-आजोबांपैकी कोणी पाकिस्तानी होते का, हे सांगावे लागते. ऑगस्ट २०२२ च्या नियमांनी विमान कंपन्यांना प्रवाशांच्या आरक्षण-नोंदी उड्डाणाआधी सीमाशुल्क खात्याला देणे बंधनकारक केले असून त्या पाच वर्षे ठेवल्या जातात.