मुंबई ते न्यूयॉर्क: दोरा ताणून पाहा

घरात पृथ्वीगोल असेल तर कपाटावरून खाली काढा, धूळ पुसा आणि शिवणाचा दोरा घ्या. एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा घट्ट ताणा. भिंतीवरचा नकाशा डोक्यात असतो, म्हणून वाटतं की दोरा अरबस्तान, भूमध्य समुद्र असा आडवा जाईल. पण ताण दिला की तो उत्तरेकडे सरकतो. कच्छ, सिंध, अफगाणिस्तान, मध्य आशिया, मॉस्कोचा परिसर, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक आणि मग कॅनडावरून खाली!

गोलावरच्या या सगळ्यात जवळच्या वाटेला बृहद्‌वृत्त म्हणतात. तिची लांबी सुमारे 12,550 किलोमीटर. नेहमीच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली आणि त्याच रेघेवरून गेलो, तर जवळपास 14,200 किलोमीटर होतात. म्हणजे नकाशावर वाकडी दिसणारी वाट साडेसोळाशे किलोमीटरने जवळची. मर्केटर या नकाशाकाराने 1569 मध्ये तो नकाशा जहाजांना दिशा धरायला सोपं जावं म्हणून बनवला. अंतर मोजायला तो उपयोगाचा नाही.

अर्थात विमान दोऱ्याला बांधलेलं नसतं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या कितीतरी उड्डाणांना वळसा घ्यावा लागला. वळसा म्हणजे जास्त इंधन आणि जास्त तास.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो वारा. अमेरिकेहून येताना वेळ कमी लागतो तो पृथ्वीच्या फिरण्यामुळे, असं पुष्कळांना वाटतं. पण हवासुद्धा पृथ्वीसोबतच फिरते. खरं कारण जेट स्ट्रीम: साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा वाऱ्याचा पट्टा. फेब्रुवारी 2020 मध्ये त्याच्या जोरावर ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग 747 विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं. एरवी सहा-सात तास लागतात. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी 1,300 किलोमीटरच्या वर गेला होता. तरी त्याने ध्वनीचा वेग ओलांडला नाही, कारण भोवतालची हवाच त्याला घेऊन चालली होती. धावत्या लोकलच्या डब्यात पुढच्या दाराकडे चालत जाणाऱ्या माणसासारखं. माणूस आपल्या चालीने चालतो, फलाटावरच्याला मात्र तो गाडीहून जोरात जाताना दिसतो.

हा पट्टा हिवाळ्यात जास्त जोरकस असतो. माझी बहीण डिसेंबरात न्यू जर्सीहून येते, तेव्हा मी मोबाइलवर तिचं विमान बघत बसतो. अटलांटिकवर वेग हजाराच्या वर दिसला की वहिनीला सांगतो, कुकर जरा लवकर लाव.