गॅरी कोलमन
कोलमन, गॅरी : (८ फेब्रुवारी १९६८ – २८ मे २०१०). अमेरिकन दूरचित्रवाणीवरील बालकलाकार व अभिनेता. ‘डिफरंट स्ट्रोक्स’ या विनोदी मालिकेतील आर्नोल्ड जॅक्सनच्या भूमिकेमुळे तो वयाच्या दहाव्या वर्षी अमेरिकेत घराघरांत पोहोचला.

त्याचा जन्म इलिनॉय राज्यातील झायन या गावचा. तान्हा असतानाच कोलमन दांपत्याने त्याला दत्तक घेतले. आई परिचारिका होती. गॅरीला लहानपणापासून मूत्रपिंडाचा गंभीर विकार होता. १९७३ मध्ये, म्हणजे पाचव्या वर्षी, त्याच्यावर मूत्रपिंडरोपणाची पहिली शस्त्रक्रिया झाली आणि १९८४ मध्ये दुसरी. आजार आणि त्यावरची औषधे यांमुळे त्याची वाढ खुंटली व उंची ४ फूट ८ इंचांवर थांबली. चेहराही गुबगुबीतच राहिला. त्याच्या कारकिर्दीचा विचार या आजारापासूनच सुरू करावा लागतो. कारण वयापेक्षा बराच लहान दिसणारा हा मुलगा मुरलेल्या नटाच्या सफाईने संवाद फेकत असे, आणि दिसणे व बोलणे यांतल्या या अंतरावरच त्याचा सगळा विनोद उभा होता.

शिकागोतील एका बँकेच्या जाहिरातींत तो झळकला आणि निर्माते नॉर्मन लिअर यांच्या कंपनीच्या नजरेत भरला. ‘गुड टाइम्स’ व ‘द जेफर्सन्स’ या मालिकांत पाहुण्या भूमिका केल्यानंतर ३ नोव्हेंबर १९७८ रोजी एनबीसी वाहिनीवर ‘डिफरंट स्ट्रोक्स’ सुरू झाली. हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतील दोन पोरके भाऊ, आर्नोल्ड आणि विलिस, यांना त्यांच्या दिवंगत आईचा श्रीमंत गोरा मालक आपल्या घरी आणतो, अशी तिची गोष्ट. मालकाच्या भूमिकेत कॉनरॅड बेन, विलिसच्या भूमिकेत टॉड ब्रिजेस आणि मालकाच्या मुलीच्या भूमिकेत डॅना प्लेटो होती. डोळे बारीक करून, ओठ पुढे काढून आर्नोल्ड भावाला विचारी, ‘व्हॉट यू टॉकिन अबाउट, विलिस?’ हे वाक्य गॅरीला पुढे आयुष्यभर चिकटले. रस्त्यात भेटणारी माणसे त्याच्याकडून तेच म्हणवून घेऊ पाहत.

मालिका नुसती हसवणारी नव्हती. १९८३ मधील दोन भागांत एक सायकल दुकानदार मुलांशी गोड बोलून त्यांचे लैंगिक शोषण करू पाहतो. संध्याकाळी घरातले सगळे एकत्र बसून पाहतात त्या वेळी हा विषय मांडणे धाडसाचे होते. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन अमली पदार्थांविरुद्धच्या एका भागात स्वतः आल्या. गॅरी तेव्हा दूरचित्रवाणीवरील सर्वाधिक मानधन घेणाऱ्या बालकलाकारांपैकी एक होता. त्याच्या नावाची कार्टून मालिकाही निघाली. ‘डिफरंट स्ट्रोक्स’चे शेवटचे पर्व एबीसी वाहिनीवर दाखवले गेले आणि मार्च १९८६ मध्ये मालिका संपली. गॅरी तेव्हा अठरा वर्षांचा झाला होता, पण पडद्यावर अजून शाळकरी पोरच होता.

सज्ञान झाल्यावर पैशांचा हिशेब पुढे आला. १९८९ मध्ये कोलमन यांनी आपले दत्तक आईवडील आणि पूर्वीचे व्यवस्थापक यांच्यावर विश्वस्त निधीतील रकमेच्या अपहाराबद्दल दावा लावला. १९९३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागून सुमारे १२ लाख ८० हजार डॉलर मंजूर झाले. आठ वर्षे त्यांच्या खांद्यावर एक अख्खी मालिका चालली, हे लक्षात घेता ही रक्कम फार थोडी वाटते. मुलांची कमाई राखण्यासाठी कॅलिफोर्नियात १९३९ पासून कायदा होता. मूकपटांच्या काळातील बालनट जॅकी कूगन याची मिळकत घरच्यांनीच संपवली, त्यातून हा कायदा झाला आणि कूगनच्याच नावाने ओळखला जातो. पण त्यात पळवाटा होत्या. मुलाची कमाई मुलाच्याच मालकीची आणि तिचा किमान १५ टक्के हिस्सा बंद खात्यात, हा नियम २००० साली लागू झाला. तोवर कोलमन यांना दिवाळखोरी जाहीर करून काही महिने झाले होते.

मधल्या काळात त्यांनी लॉस एंजेलिस परिसरात सुरक्षारक्षकाची नोकरी केली. १९९८ मध्ये स्वाक्षरी मागणाऱ्या एका महिलेशी झटापट झाल्याने खटला झाला, दंड भरावा लागला आणि वृत्तपत्रांना थट्टेचा विषय मिळाला. ज्याला नियमित डायलिसिसची गरज होती, अशा माणसाची ही थट्टा क्रूर होती. २००३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी झालेल्या पदच्युती निवडणुकीत (पदावरील गव्हर्नरला मुदतीआधी हटवण्यासाठीच्या मतदानात) ते उभे राहिले. १३५ उमेदवारांत १४,२४२ मते मिळवून आठवे आले. त्याच वर्षी ब्रॉडवेवर आलेल्या ‘अ‍ॅव्हेन्यू क्यू’ या संगीतिकेत त्यांच्याच नावाचे पात्र होते : पूर्वीचा बालतारा, आता इमारतीची देखभाल करणारा.

पुढे ते युटा राज्यात राहायला गेले व २००७ मध्ये त्यांनी लग्न केले. ते टिकले नाही. मे २०१० मध्ये सँटाक्विन येथील घरी पडून डोक्याला मार लागला आणि मेंदूतील रक्तस्रावाने दोन दिवसांनी प्रोव्हो येथील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. वय ४२ होते.

लहानपणापासून त्यांना आगगाड्यांचे वेड होते. १९८१ च्या ‘ऑन द राइट ट्रॅक’ या चित्रपटात त्यांनी शिकागोच्या रेल्वे स्थानकात राहणाऱ्या बूटपॉलिशवाल्या मुलाचे काम केले होते. मोठेपणी ते खेळण्यातल्या रेल्वेचे डबे, इंजिने आणि रूळ जमवत, आणि अशा वस्तू विकणाऱ्या दुकानांत त्यांनी वेळोवेळी कामही केले.