छापा आणि काटा एका चौकटीत : पार्श्वभूमी

शिवराई या शिवकालीन नाण्याच्या एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. जे नाव आपण एका दमात उच्चारतो, ते तांब्याच्या त्या जाड तुकड्यावर दोन तोंडांना वाटून दिलेले आहे, आणि एकाच बाजूचे चित्र छापले तर ते अर्धेच वाचता येते. दोन्ही बाजूंची छायाचित्रे जोडून एकच प्रतिमा करण्याची रीत याच अडचणीतून आली.

आरंभीच्या युरोपीय ग्रंथकारांना ही अडचण जाणवली नव्हती. 1517 मध्ये रोममध्ये निघालेल्या आंद्रेआ फुल्व्हिओ यांच्या सचित्र ग्रंथाचा सारा भर नाण्यांवरील चेहऱ्यांवर होता. भारतात मात्र मागच्या बाजूनेच इतिहास उलगडला. इंडो-ग्रीक राजा मिनँडर याच्या नाण्यावर पुढे ग्रीक लिपीत ‘बॅसिलिऑस’ आणि मागे खरोष्ठी या प्राचीन लिपीत ‘महाराजस’ असे लिहिलेले असते, तेव्हा पाठीवरच्या अपरिचित लिपीची किल्ली त्याच नाण्याच्या पुढच्या बाजूवर होती. कलकत्त्याच्या टांकसाळीतील जेम्स प्रिन्सेप यांनी 1830च्या दशकात अशा नाण्यांची रेखाटने स्वतः करून छापली आणि त्यांच्या आधारे खरोष्ठीची अक्षरे लावली. चित्रकाराला दोन वर्तुळे शेजारी काढण्यात काहीच अडचण नसते. कॅमेऱ्याला मात्र एका वेळी एकच बाजू दिसते.

ब्रिटिश म्युझियमच्या सूचींनी यावर प्लास्टरची वाट काढली. पर्सी गार्डनर यांच्या 1886च्या बॅक्ट्रिया व भारतविषयक सूचीसारख्या ग्रंथांतील चित्रफलकांसाठी नाण्याच्या दोन्ही बाजूंचे प्लास्टरचे ठसे घेतले जात. पांढऱ्या, बिनचकाकीच्या ठशांवर धातूची तिरीप उठत नसे, आणि दोन्ही तोंडे एकाच प्रकाशात, एकाच मापात, एकदमच टिपता येत. पुढे मूळ नाण्याचेच फोटो घेण्याची पद्धत रूढ झाल्यावर छापील प्रती कात्रीने गोल कापून पुठ्ठ्यावर चिकटवायच्या आणि त्या पुठ्ठ्याचा पुन्हा फोटो घ्यायचा, असा खटाटोप करावा लागे. आज फोटोशॉप किंवा गिंपमध्ये कॅनव्हासची रुंदी दुप्पट करून दुसरी बाजू शेजारी बसवली की काम होते. तरीही दोन्ही फोटो एकाच अंतरावरून घेतलेले नसले, तर एकाच नाण्याच्या दोन बाजू दोन निराळ्या नाण्यांसारख्या दिसतात.

या सोयीत एक गोष्ट मात्र हरवते. जोडचित्रात दोन्ही बाजू सरळ उभ्या करून ठेवलेल्या असल्याने नाणे पाडताना वरचा आणि खालचा ठसा (नाण्यावर चित्र उठवणारा साचा) परस्परांशी कोणत्या कोनात होता, हे कळत नाही. म्हणून जाणकार सूचीकार बाण काढून किंवा घड्याळाच्या तासांत ती दिशा वेगळी नोंदवतात, आणि ही नोंद नसलेले चित्र, कितीही सुबक असले तरी, माझ्या मते अपुरेच.

1906 मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली आहेत, एका बाजूस चैत्य (कमानींची डोंगरासारखी रचना) आणि दुसऱ्या बाजूस उज्जैनी चिन्ह (टोकांना वर्तुळे असलेला क्रूस). अशा नाण्याचे जोडचित्र करू लागले की नहपानाचे मस्तक सरळ ठेवावे की वरचा चैत्य, हे चित्र करणाऱ्यालाच ठरवावे लागते.